रेझिस्टन्स जास्त की वॅट जास्त? त्याच दोन आकड्यांची दोन गणितं

"कॉईलला रेझिस्टन्स जास्त आहे, म्हणून तर एवढी तापते!" कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात वायंडिंगच्या, म्हणजे मोटरीची तार गुंडाळून देणाऱ्या दुकानात हे वाक्य ऐकायला फार थांबावं लागत नाही. शेजारचा लगेच मान डोलावतो. वाक्य पूर्ण चुकीचं असतं तर केव्हाच मोडीत निघालं असतं. ते काही ठिकाणी तंतोतंत खरं ठरतं, म्हणूनच टिकून आहे.

पाणी तापवायची रॉड घ्या. तिच्यावर २३० व्होल्ट, १५०० वॅट असं छापलेलं असतं. एका वायरीभोवती टाँग टेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा लावला तर साडेसहा अँपिअरच्या आसपास करंट दिसेल. आता २३० ला ६.५ नं भागा, ३५ ओह्म येतात. हा रोध, म्हणजे आपला रेझिस्टन्स. त्याच २३० ला ६.५ नं गुणा, १५०० वॅटच्या जवळपास येतात, ही शक्ती. दोन्ही उत्तरं त्याच दोन आकड्यांतून निघतात, त्यामुळं एक वाढलं की दुसरंही वाढत असणार असा समज होतो.

पण ३५ ओह्म हा रॉडमधल्या तारेचा गुण आहे. तार किती लांब, किती जाड आणि कुठल्या धातूची, यावर तो ठरतो. रॉड फळीवर पडून असली तरी तिचा रोध जवळपास तेवढाच असतो, कारण तिच्यातल्या नायक्रोम या मिश्रधातूचा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही. १५०० वॅट मात्र करंट वाहत असतानाच असतात, आणि तेही २३० व्होल्ट मिळत असतील तरच. लाईनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीत संध्याकाळी १८० व्होल्टच आले तर रोध ३५ च राहतो, करंट ५.१ अँपिअरवर येतो आणि वॅट उरतात ९२० च्या घरात. व्होल्टेज पाव हिश्श्यानंही उतरलेलं नाही, पण उष्णता चाळीस टक्क्यांच्या आसपास गेली. व्होल्टेज घटलं, त्याच्यामागून करंटही घटला, आणि वॅट म्हणजे त्या दोघांचा गुणाकार. पाणी तापेना म्हणून रॉडला शिव्या देण्यात अर्थ नाही.

आता दुकानातल्या त्या वाक्याकडं येऊ. शेगडीची २००० वॅटची कॉईल तुटली की आपण काय करतो? दोन टोकं ओढून पीळ मारतो आणि पुन्हा लावतो. यात तारेचा दहावा भाग वाया गेला असं धरू. मूळ रोध साडेसव्वीस ओह्म होता, तो २४ च्या खाली आला. करंट पावणेनऊवरून साडेनऊच्या पुढं गेला, आणि शेगडी २२०० वॅटची झाली. रोध कमी झाला आणि कॉईल जास्त लाल झाली! अशी जोडलेली कॉईल थोड्याच दिवसांत पुन्हा तुटते, त्यात मालाचा दोष असेलच असं नाही. घरातल्या सॉकेटवर व्होल्टेज ठरलेलं असतं, म्हणून तिथं हिशोब व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध असाच धरायचा.

मग ते वाक्य खरं कुठं ठरतं? प्लगमध्ये. सॉकेटची पट्टी सैल झाली आणि तिथं अर्धा ओह्म रोध तयार झाला असं समजा. रॉडच्या ३५ ओह्मपुढं अर्ध्याची काय मातब्बरी? करंट जवळजवळ तेवढाच राहतो. पण इथं हिशोब करंटचा वर्ग गुणिले रोध असा चालतो: ६.५ चा वर्ग ४२, त्याचे निम्मे २१ वॅट. सोल्डर वितळवणारं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. जवळपास तेवढी उष्णता आता प्लगच्या एका पिनेपाशी साचते. पाण्याला काही कळत नाही, प्लग मात्र काळा पडतो. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणं वाढते हे जूलनं १८४० च्या सुमारास दाखवलं; त्याआधी १८२७ मध्ये ओह्मनं व्होल्टेज आणि करंटचा संबंध मांडला होता.

थोडक्यात, व्होल्टेज की करंट, कुठली गोष्ट ठरलेली आहे ते आधी बघायचं. खात्री करायची असेल तर १०० आणि ४० वॅटचे पिवळे, तारेचे बल्ब एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेले बघा (हे काम जाणकाराकडूनच करून घ्या). दोघांतून एकच करंट जातो, आणि जास्त उजळतो तो ४० वॅटचा. त्याचा रोध १३०० ओह्मच्या वर, शंभरवाल्याचा ५३० च्या आसपास. ओह्म मोजायचा मल्टिमीटर घेऊन हे पडताळायला जाल तर मात्र गोंधळ उडेल, कारण थंड बल्ब यापेक्षा खूपच कमी ओह्म दाखवतो. टंगस्टन तापलं की त्याचा रोध दहापटीहूनही वाढतो.

मोटरीला यातलं काहीच सरळ लागू होत नाही. एक एचपीची बोअरची मोटर सहाएक अँपिअर ओढत असेल तर भागाकार ३८ येतो, पण वायंडिंगवर मल्टिमीटर लावला तर त्याच्या कितीतरी खालचे ओह्म दिसतात. फिरती मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते आणि करंटला अडवते. गुणाकार १३८० येतो, तेही खरे वॅट नव्हेत. व्होल्टेज आणि करंट एका तालात नसतात, त्या पॉवर फॅक्टरनं ते आणखी कमी होतात. आणि व्होल्टेज पडलं की रॉडच्या बरोबर उलट घडतं: वर पाणी चढवायचं काम तेवढंच असल्यामुळं मोटर जास्त करंट ओढते आणि वायंडिंग तापतं. उसाला पाणी देताना मोटरी जळतात त्यामागं हे एक मोठं कारण. वायंडिंगवाला ओह्म तपासतो ते तार तुटली आहे का, शॉर्ट झाली आहे का, एवढंच बघायला. मोटर किती वॅट खाते हे हवं असेल तर घरातलं बाकी सगळं बंद करून ती तासभर चालवा आणि विजेच्या मीटरचे आकडे बघा. तासाला एक युनिट पडलं तर १००० वॅट.