विनाभट्टी वीट (सोलापूर)

औष्णिक वीजकेंद्राची राख, क्रशरची कच (दगडाचा बारीक चुरा) आणि पाडकामाचा राडारोडा सिमेंट किंवा चुन्यात कालवून, यंत्राच्या दाबाने घडवलेली, न भाजलेली वीट. बाजारात तिला राखेची किंवा फ्लाय अ‍ॅश वीट म्हणतात. सोलापूरची काळी माती वाळताना आकसून तडकते, म्हणून भाजक्या विटेला ती एकटी चालत नाही. राख मात्र फताटेवाडीजवळच्या एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या १,३२० मेगावॉट केंद्रामुळे जवळच मिळते. साखर कारखान्यांची बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख तिच्याऐवजी वापरू नये: तिच्यात न जळलेला कोळसा जास्त असतो आणि प्रत दर खेपेला बदलते.

सिमेंटच्या विटेसाठी १०० किलो कोरड्या मालाचे चालणारे प्रमाण असे: राख ५०, कच २५, चाळलेला राडारोडा १५, सिमेंट १० किलो; पाणी १० ते १२ लिटर. यातून २३० × ११० × ७५ मिमीच्या सुमारे ३० विटा निघतात. मूठ आवळल्यावर गोळा टिकावा, पण तळहात ओला होऊ नये. पाणी जास्त झाले की माल साच्याला चिकटतो व कोपरे ढासळतात. कालवलेला माल अर्ध्या तासात दाबावा.

खरी मेहनत राडारोडा निवडण्यात आहे. काँक्रीट आणि जुन्या विटांचे तुकडे दळून ४.७५ मिमीच्या चाळणीतून काढावेत, मिसळण्याआधी भिजवावेत. नाहीतर ते मिश्रणातले पाणी शोषतात. जुन्या वाड्यांच्या माळवदाची (सपाट मातीच्या छताची) माती आणि पायाची काळी माती वेगळी काढावी, कारण मातीने पकड जाते. फॉल्स सीलिंगचे प्लास्टर ऑफ पॅरिस सिमेंटच्या मालात गेल्यास वीट पुढे फुगून तडकते. डाईंगचा (कापड-सूत रंगवण्याच्या कारखान्यांचा) गाळ क्षारयुक्त असतो, तो मुळीच घेऊ नये. चुन्याची वीट करताना चुना पाण्यात पूर्ण विरवून चाळावा. कच्चा खडा राहिला की विटेवर फोड उठतात.

ताजी वीट पहिले २४ तास सावलीत ठेवावी. पुढे सिमेंटच्या विटेला किमान १४, चुन्याच्या विटेला २१ दिवस पाणी मारावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात दोन वेळचे पाणी पुरत नाही. ओले गोणपाट लागतेच. वीट कच्ची राहते ती अनेकदा कमी सिमेंटने नव्हे, पाणी कमी मारल्याने. वीट २८ दिवसांची होण्याआधीच बांधलेल्या भिंतीला आकसण्याच्या चिरा पडू शकतात.

राख-चुन्याच्या विटेसाठी आयएस १२८९४ हे भारतीय मानक आहे. २४ तास भिजवून वजन २० टक्क्यांहून अधिक वाढल्यास तो घाणा (एका वेळी केलेल्या विटांचा लॉट) नाकारावा.