सदोष वाहन आणि ग्राहकहक्क

सदोष वाहन आणि ग्राहकहक्क : नवे घेतलेले वाहन वारंवार दुरुस्त करूनही नीट चालत नसेल, तर दोष काढून मिळणे, वाहन बदलून मिळणे, किंमत परत मिळणे आणि झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणे हे खरेदीदाराचे हक्क आणि त्यांसाठीची तक्रारपद्धती. अमेरिकेत अशा कायद्यांना ‘लेमन लॉ’ म्हणतात. भारतात या नावाचा किंवा या धर्तीचा स्वतंत्र कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच्या आधाराने हे हक्क मागावे लागतात. प्रस्तुत नोंद इंदूर व परिसरातील मराठी भाषकांना समोर ठेवून लिहिली आहे.

संज्ञा : इंग्रजीत ‘लेमन’ हा शब्द ‘गळ्यात पडलेली निरुपयोगी वस्तू’ या अर्थाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकी बोलीत रूढ झाला असावा. त्याच्या उगमाविषयी एकमत नाही. गोड फळाच्या अपेक्षेने हात पुढे करावा आणि हाती आंबट लिंबू पडावे, या साध्या अनुभवातून तो आला, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार पैसे टाकून खेळायच्या यंत्रांवर लिंबाचे चित्र आले की डाव फुकट जाई, त्यावरून हा अर्थ निघाला. फळांची चित्रे असलेली यंत्रे मात्र त्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आली, आणि बोलीतील प्रयोग त्याआधीचा दिसतो. त्यामुळे पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. यंत्रावरचे लिंबूच बोलीतून उचललेले असण्याची शक्यता आहे. मोटारीशी या शब्दाची गाठ घट्ट करण्यात फोक्सवॅगन कंपनीच्या १९६० च्या जाहिरातीचा वाटा सांगितला जातो. मोटारीच्या छायाचित्राखाली हा एकच शब्द छापून, किरकोळ डाग दिसला म्हणून तपासनिसाने ती गाडी बाजूला काढली, असे त्या जाहिरातीत म्हटले होते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये आपल्या प्रसिद्ध निबंधात हाच शब्द वापरला. विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे चांगल्या गाड्याही बाजारातून हटत जातात, असा त्याचा आशय आहे. २००१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले त्यात या निबंधाचा मोठा भाग होता. त्यांचे विवेचन जुन्या गाड्यांच्या बाजाराचे आहे, तर लेमन लॉ मुख्यतः नव्या गाड्यांसाठी आहेत. या दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते.

‘लिंबू कायदा’ हे शब्दशः भाषांतर मराठीत टाळावे. मराठी माणसाच्या व्यवहारात लिंबू दोषाचे चिन्ह नाही. ते दोष टाळण्यासाठी असते. नवी गाडी घेतली की बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, हार घालतात, नारळ वाढवतात आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवून गाडी पुढे घेतात. इंदुरात अनेक कुटुंबे यासाठी गाडी शोरूममधून थेट खजराना गणपतीला नेतात. (हे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधले असे परंपरा सांगते. त्याचे साल पुष्कळदा १७३५ दिले जाते. पण अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा असल्याने मंदिर त्यांच्या कारकिर्दीतील, म्हणजे १७६७ ते १७९५ या काळातील मानणे अधिक बरे.) शिवाय खेळात ज्याच्यावर राज्य येत नाही त्या लहानग्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणतात, तोही अर्थ येथे लागू पडत नाही. म्हणून ‘सदोष वाहन’ हीच संज्ञा येथे वापरली आहे.

अमेरिकी कायदे : पहिला लेमन लॉ कोणता, याची दोन उत्तरे दिली जातात. कॅलिफोर्नियाचा साँग-बेव्हर्ली कायदा १९७० चा आहे. परंतु तो सर्वच ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वॉरंटीविषयी होता आणि ‘वाजवी संख्येने प्रयत्न’ करूनही दोष गेला नाही तर वस्तू परत घ्यावी, इतकेच सांगत होता. वाजवी म्हणजे किती, हे त्यात नव्हते. केवळ मोटारींसाठी आकडे ठरवणारा कायदा कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने टॅनर कायद्याने आपल्या जुन्या कायद्याला तशी जोड दिली. आकडे हेच या कायद्यांचे मर्म धरले, तर पहिलेपणाचा मान कनेक्टिकटकडे जातो. दरम्यान १९७५ च्या मॅग्नसन-मॉस या संघीय कायद्याने लेखी वॉरंटीचे नियम घालून दिले होते.

या आकड्यांचे महत्त्व समजून घ्यायला हवे. टॅनर कायद्यानुसार गाडी मिळाल्यापासून १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती झाली, जिवावर बेतणाऱ्या दोषासाठी दोन वेळा झाली, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून अधिक काळ दुरुस्तीत अडकली, तर पुरेशी संधी देऊन झाली असे न्यायालय गृहीत धरते. यंत्रात नेमके काय बिघडले आहे, हे खरेदीदाराने शोधून काढायचे नसते. त्याने फेऱ्या आणि दिवस मोजायचे असतात. सिंगापूर (२०१२), चीन (२०१३), फिलिपीन्स (२०१४) आणि दक्षिण कोरिया (२०१९) यांनी आपापल्या परीने याच धर्तीचे नियम केले.

भारतीय कायदा : वस्तुविक्री कायदा, १९३० याच्या कलम १६ नुसार माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, ही अट करारात लिहिली नसली तरी गृहीत असते. वस्तू विशिष्ट उपयोगास योग्य असण्याची गर्भित अट मात्र त्याच कलमातील परंतुकाने (अपवाद सांगणाऱ्या पुरवणी वाक्याने), व्यापारी नावाने घेतलेल्या वस्तूला लागू होत नाही. आणि मोटार तर नावानेच घेतली जाते. इंदूरपुरते पाहता, होळकर संस्थान १९४८ मध्ये ‘मध्य भारत’ या राज्यात विलीन झाले आणि ‘ब’ वर्ग (म्हणजे पूर्वीच्या संस्थानांतून बनलेल्या) राज्यांविषयीच्या १९५१ च्या कायद्याने अनेक केंद्रीय कायदे तेथे लागू झाले. वस्तुविक्री कायदा त्यांपैकी एक. या कायद्याखाली दिवाणी दावा लावणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते. खरा बदल १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला.

या कायद्यात ‘दोष’ ही संज्ञा वस्तूला आणि ‘उणीव’ ही संज्ञा सेवेला लावतात. इंजिनातला बिघाड हा दोष. सर्व्हिस सेंटरने गाडी तीन आठवडे ठेवून न पाहता परत दिली, तर ती उणीव. पहिल्यासाठी मुख्यतः उत्पादक आणि दुसऱ्यासाठी मुख्यतः विक्रेता जबाबदार धरला जातो, म्हणून तक्रारीत दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करण्याचा प्रघात आहे. टाटा मोटर्स विरुद्ध अँटोनिओ पाउलो वाझ (२०२१) या गोव्यातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, विक्रेत्याच्या कृत्याबद्दल उत्पादकाला आपोआप जबाबदार धरता येत नाही, असे सांगितले आहे.

सर्वात वादाचा प्रश्न पुराव्याचा. दोष निर्मितीतलाच आहे, हे दाखवण्याचा भार तक्रारदारावर असतो. चाचणीवाचून दोष ठरत नसेल, तर २०१९ च्या कायद्यातील कलम ३८ नुसार तक्रार ऐकणाऱ्या ग्राहक आयोगाने वस्तूचा नमुना घ्यावा, मोहोरबंद करावा, योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि ४५ दिवसांत अहवाल मागवावा, अशी तरतूद आहे; चाचणीचे शुल्क तक्रारदाराने भरायचे. नमुना आणि मोहोर ही भाषा तेल, मसाले, औषधे यांना शोभते. चालती गाडी अशी बाटलीत बंद होत नाही. शिवाय कित्येक दोष गाडी तापल्यावर, घाटात किंवा विशिष्ट वेगालाच दिसतात. म्हणून व्यवहारात अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक, परिवहन कार्यालयातील निरीक्षक अशांचे अहवाल मागवले जातात.

निकालांत दोन प्रवाह दिसतात. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा (२००६) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीचा अर्थ काटेकोर लावला : वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, अख्खी गाडी बदलून देण्याची नाही. सी. एन. अनंतराम विरुद्ध फियाट इंडिया (२०११) मध्ये स्वतंत्र तज्ज्ञाने मूळचा निर्मितीदोष असल्याचे सांगितले तरच किंमत परत मिळेल, असे ठरले. दुसरा प्रवाह ह्युंदाई मोटर इंडिया विरुद्ध शैलेंद्र भटनागर (२०२२) या निकालात स्पष्ट होतो. समोरून जोराची धडक बसूनही एअरबॅग उघडल्या नव्हत्या. गती आणि बल यांची गणिते मांडण्याइतके भौतिकशास्त्र ग्राहकाला यावे, ही अपेक्षा चुकीची आहे, असे म्हणत न्यायालयाने घडलेली गोष्टच पुरावा मानली आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. पहिला प्रवाह अद्याप मोडीत निघालेला नाही. तरीही एकच दोष पाचव्यांदा दुरुस्तीला येतो तेव्हा ती पाचवी फेरी स्वतःच बोलत असते. त्या दृष्टीने दुसरा प्रवाह ग्राहक कायद्याच्या हेतूशी अधिक जुळणारा वाटतो.

‘व्यापारी प्रयोजन’, म्हणजे धंद्यासाठी वस्तू घेणारा कायद्याने ग्राहक ठरत नाही, हा उत्पादकांचा नेहमीचा बचाव. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः चालवण्याकरिता घेतलेली रिक्षा किंवा टॅक्सी त्यात येत नाही, हे लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स (१९९५) या निकालापासून पक्के आहे. कंपनीच्या नावाने पण संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या मोटारीबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ग्राहकाच्या बाजूने कौल दिला.

जॉब कार्ड : अमेरिकेत कायद्याने ठरवून दिलेले आकडे भारतातल्या तक्रारदाराला स्वतः जमवावे लागतात, आणि ते सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर, म्हणजे गाडी दुरुस्तीला घेताना भरल्या जाणाऱ्या नोंदपत्रावर, असतात. एका बाजूला गाडी आत घेतल्याची तारीख, वेळ, किलोमीटर आणि टाकीतले पेट्रोल; मधे ‘ग्राहकाची तक्रार’ हा रकाना; खाली केलेले काम आणि सही. तक्रारीच्या रकान्यात ‘क्लच जड’ आणि कामाच्या रकान्यात ‘तपासले, ठीक आहे’ असे असेल, तर ती फेरी दुरुस्तीची नोंद म्हणून मोजणे अवघड जाते. ‘जनरल चेकअप’ असे लिहिलेले कार्ड तर तक्रारदाराच्या विरुद्धच जाते. सही करण्यापूर्वी हा रकाना वाचावा आणि प्रत मागून घ्यावी.

इंदुरात येथे भाषेचाही प्रश्न येतो. रामबाग किंवा लोकमान्यनगरातल्या घरात तक्रार मराठीत बोलली जाते, काउंटरवर हिंदीत सांगितली जाते आणि कार्डावर इंग्रजी संक्षेपात उतरते. ‘गाडी ओढते’ हे वाक्य घ्यावे. मराठीत चढावर गाडी चांगली ओढते म्हणजे इंजिनात दम आहे, आणि गाडी डावीकडे ओढते म्हणजे चाकांच्या अलाइनमेंटमध्ये किंवा ब्रेकमध्ये खोट आहे. कार्डावर ‘पुलिंग’ एवढेच आले की दोन्ही अर्थ निघू शकतात. ‘ताशी ६० च्या वेगाला स्टेअरिंग सैल धरले की गाडी डावीकडे जाते’ असे लिहून घेतले, तर अर्थाला फाटे फुटत नाहीत. ‘मिसिंग करते’, ‘पिकअप नाही’, ‘खडखड येते’ या शब्दांनाही हेच लागू आहे : कधी, किती वेगाला, गाडी थंड असताना की तापल्यावर, हे सोबत हवे.

तक्रारपद्धती : तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो तेथेही तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे. मुंबईत गाडी घेऊन इंदुरात राहायला आलेल्या माणसाला इंदूरच्या जिल्हा आयोगात जाता येते. गाडी कोठे तयार झाली याने फरक पडत नाही. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत भोपाळ येथील राज्य आयोग आणि त्यापुढे नवी दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. निकाल तीन महिन्यांत आणि चाचणी लागल्यास पाच महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. राज्य आयोगाकडे अपील ४५ दिवसांत करायचे असते, आणि पैसे देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जुन्या सवयीने लोक आजही ‘फोरममध्ये जातो’ म्हणतात, जरी २०१९ च्या कायद्याने जिल्हा मंचाचा जिल्हा आयोग झाला आहे. हिंदी कागदपत्रांत ग्राहकाला ‘उपभोक्ता’ म्हणतात.

सर्वसाधारण बचाव ठरलेले असतात : ठरल्या किलोमीटरला सर्व्हिसिंग केले नाही, बाहेरून हॉर्न, दिवे किंवा गॅसकिट बसवले, गाडी इतकी चालली म्हणजे दोष नव्हताच. शेवटचा मुद्दा आयोगांनी पुष्कळदा मान्य केला आहे. पण गाडी दारात उभी ठेवणे नोकरदाराला परवडत नाही, आणि चालवली म्हणून ती निर्दोष ठरते असेही नाही.

परतबोलावणी (रिकॉल) : एका गाडीऐवजी एकाच घडणीच्या सर्व गाड्यांत दोष असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०-अ लागू होते. त्याआधी उत्पादकांच्या संघटनेची २०१२ पासूनची ऐच्छिक संहिता होती. एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार सात वर्षांपर्यंतच्या वाहनांबाबत केंद्र शासन परतबोलावणीचा आदेश देऊ शकते आणि उत्पादकाला १० लाख ते १ कोटी रुपये दंड होऊ शकतो.

या संदर्भात पीथमपूरचा उल्लेख आवश्यक आहे. इंदूरजवळच्या, पण धार जिल्ह्यात मोडणाऱ्या या औद्योगिक वसाहतीत बजाज टेम्पो (आजची फोर्स मोटर्स), आयशर आणि कायनेटिक होंडा यांचे कारखाने आले. नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्रही तेथेच आहे, त्याच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान धावपट्टीचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. अशी केंद्रे वाहन बाजारात येण्यापूर्वीच्या चाचण्यांसाठी असतात. रस्त्यावर आलेल्या एखाद्या गाडीच्या तक्रारीसाठी ग्राहकाला परस्पर तेथे जाता येत नाही. मार्ग आयोगाच्या आदेशातूनच जातो.

जुनी वाहने व विजेवरील वाहने : जुन्या गाडीच्या खरेदीत वॉरंटी क्वचितच असते. नोंदणीकृत वाहनांची खरेदीविक्री करणाऱ्या दलालांना अधिकृत परवाना घेण्याचे नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले. विजेवरील दुचाकींना आगी लागण्याच्या २०२२ मधील घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षिततेची मानके डिसेंबर २०२२ पासून कडक करण्यात आली. बॅटरीची वॉरंटी बहुधा वाहनापासून वेगळी दिलेली असते, त्यामुळे दोन्ही कार्डे जपून ठेवावी लागतात.