शाकारणीची अवजारं : कोयता, विळा आणि बांबूची सुई

मे महिना अर्धा सरला की कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची कामं सुरू होतात, लाकडं आत घ्यायची, मिरच्या वाळवून भरायच्या, पडवीला पावसाच्या आडोशासाठी झडी बांधायच्या, आणि पूर्वी यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे घर शाकारणं. आज शाकारणी म्हटलं की बऱ्याच जणांना कौलं चाळणं आठवतं पण गवत, भाताचा पेंढा किंवा माडाचे झाप घालून छप्पर करणं याला पण शाकारणीच म्हणायचे. कौलं आली, पत्रे आले, शब्द तसाच राहिला, अवजारं मात्र गेली.

मुळात बारा बलुतेदारांची यादी बघा. सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, पण छप्पर शाकारणारा असा वेगळा कोणी नाही. इंग्लंडमध्ये हा स्वतंत्र धंदा होता, इतका की थॅचर (म्हणजे गवताचं छप्पर घालणारा) हे आडनावच त्यातून आलं, आणि त्या लोकांकडे फक्त याच कामाची हत्यारं असायची, म्हणजे लेगेट नावाची खाचा पाडलेली मुठीची फळी, तिने पाणगवताच्या काड्यांची टोकं खालून वर ठोकत एका उतारात आणतात. आपल्याकडे हे काम घरटी माणसं आणि शेजारीपाजारी मिळून करायची, आज तुझं छप्पर उद्या माझं, सरळ सावड. त्यामुळे वेगळी अवजारं घडलीच नाहीत, शेतात चालायचा तोच विळा आणि तोच कोयता छपरावर चढला. मला वाटतं याच कारणाने या कामाचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही, कारण नांगराचं कौतुक होतं, पण छपरावरच्या विळ्याकडे कोण बघणार!

कामाची सुरुवात मात्र मे महिन्यात नाही, पावसाळा संपल्यावर. उभं गवत पिवळं पडलं की विळ्याने बुडापासून कापायचं, भारे बांधून वाळवायचं. लांब गवत जास्त टिकतं, पेंढा लवकर कुजतो. मग कोयता. लोहार किंवा गावोगाव फिरणारे घिसाडी तो घडवून द्यायचे आणि माणूस तो कमरेच्या आकडीला अडकवून फिरायचा, दोन्ही हात मोकळे, झाडावर चढा नाहीतर छपरावर. बांबू फोडताना कोयत्याचं पातं बांबूच्या तोंडावर ठेवायचं, वरून लाकडाचा एक ठोका, आणि मग पातं नुसतं पिळत पुढे न्यायचं, एकेक पेर कडाकड आवाज करत उलगडत जातं. अशा कांबी वाशांवर आडव्या बांधायच्या. झावळीचं पण तसंच, मधल्या दांड्यावर कोयत्याने उभी चीर द्यायची, पाण्यात भिजत घालायची, मऊ झाली की पाती एकमेकांत विणून झाप तयार.

बांधायला खिळा नाही. काथ्याचं सुंभ, घायपाताचा वाख नाहीतर रानातल्या झाडांची साल. देशावर दोर वळायचं काम पिढ्यानपिढ्या मातंग समाजाने केलंय.

आता ती सुई. माझ्या आजोळी गोठा शाकारताना मी ती लहानपणी हातात धरलीय, हातभर लांब बांबूची सपाट सळी, एक टोक तासलेलं, दुसऱ्या टोकाला दोरासाठी भोक, आणि वापरून वापरून अशी गुळगुळीत की शिंगाची वाटावी. एक माणूस वर पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतारावर, आणि एक खाली आत अंधारात, वरचा गवतातून सुई खाली खुपसणार, खालचा ती कांबीला वळसा देऊन परत वर पाठवणार, मध्ये नुसत्या हाका, "आली का?" "आली, ओढ!" खाली थांबणाऱ्याच्या डोळ्यात सगळा कचरा. सुरुवात वळचणीपासून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासून करायची आणि थरावर थर चढवत वरच्या आढ्यापर्यंत जायचं म्हणजे वरच्या थराचं पाणी खालच्या थरावरून घसरतं, उलटं केलं तर पहिल्याच पावसात घर गळणार. रत्नागिरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणून पाखं पण चांगलं उभं ठेवावं लागतं.

गवताचा खरा शत्रू पावसापेक्षा आग. शिवाजी महाराजांनी मे 1674 मध्ये चिपळूणजवळच्या लष्करी अंमलदारांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे, त्यात अगदी बारकाईने बजावलंय की कोणी भलत्या जागी चुली मांडतील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेतील, दिव्याची वात उंदीर पळवेल, आणि एका खणाला आग लागली की सगळे खण जातील. मे महिना, वारा, सुकलेलं गवत, हे चित्र ज्याने बघितलंय त्याला त्या पत्रातली काळजी लगेच कळते.

पैसेवाल्यांच्या घरावर कुंभाराचे नळे, म्हणजे हाताने घडवलेली गोल कौलं, आधीपासून होतेच, पण मोठा बदल 1865 नंतरचा, बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि साच्यातली, एकमेकांत बसणारी कौलं हळूहळू पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. या कौलांना रिपा, म्हणजे खालच्या आडव्या पट्ट्या, ठरावीक अंतरावर आणि सरळ लागतात, कोयत्याने फोडलेली वाकडीतिकडी कांब चालत नाही, म्हणजे करवत, खिळे, हातोडी आणि सुतार आला. घरातल्या माणसांचं काम कारागिराकडे गेलं. पुढे पत्रे आले, मग सिमेंटचे पत्रे, आता स्लॅब.

कोयता तेवढा टिकला. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला आजही 'एक कोयता' म्हणूनच मोजतात, आणि या लोकांच्या उसाच्या फडाजवळच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पूर्वी पाचटाने शाकारलेल्या असायच्या, आता बहुतेक ठिकाणी वर प्लास्टिकचा कागद असतो.

आजोळच्या गोठ्यावर पण पत्रा आहे. सुई अजून आहे, पडवीच्या वाशात खोचलेली, मामा कधीतरी काढून तिने भाताच्या पोत्यांची तोंडं शिवतो, आणि घरातल्या मुलांना ती पोती शिवायचीच सुई वाटते.