खिशातले पिस्तूल

खिशात किंवा कमरेला लपेल इतके आखूड, एका हाताने झाडायचे पिस्तूल. खानदेशात अशा हत्याराला सरसकट ‘कट्टा’ म्हणतात. खरे तर कट्टा म्हणजे एकेक काडतूस भरून उडवायचे गावठी पिस्तूल, मग ते खिशात मावो वा न मावो.

गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, म्हणजे चकमकीच्या पिस्तुलात रंजकाची, म्हणजे बार पेटवायची दारू सांडे, पावसात भिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिची जागा ठोका बसताच पेटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीने घेतली. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची तळहाताएवढी एकबारी पिस्तुले याच टोपीवर चालत. १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेले पिस्तूल त्याच्याच बनावटीचे होते.

खरा पालट केला तो पितळेने. बार उडताच काडतुसाची पातळ पितळी भिंत फुगून नळीला चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की आक्रसून सुटते. सुमारे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे हे पितळ. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत लहान शस्त्रांची काडतुसे बनतात, त्यामुळे या भागाला हा विषय अगदीच परका नाही.

जुन्या काळ्या दारूची काजळी यंत्रात साचे. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने धूरहीन दारू काढली आणि स्वयंभरणाची, म्हणजे बार उडताच पुढचे काडतूस आपोआप भरणारी पिस्तुले व्यवहारात आली. जॉन ब्राउनिंगने आखलेले, बेल्जियममध्ये बनणारे ६.३५ मिमीचे पिस्तूल जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर लांब आणि पावणेचारशे ग्रॅमच्या आतले. त्याचे काडतूस करंगळीच्या पेराएवढे, २३ मिमीचे. या पिस्तुलाला बार उडताना नळीचे मागचे तोंड जखडून ठेवणारी कुलूपबंद यंत्रणा नाही, मागचा धक्का सरकपट्टीचे (नळीवरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाचे) वजन आणि स्प्रिंग झेलतात. म्हणूनच काडतूस दुबळे ठेवावे लागले. पुढे प्लास्टिकच्या सांगाड्याने वजन आणखी उतरले. २००८ चे रुगर एलसीपी हे अमेरिकी खिसापिस्तूल सुमारे २७० ग्रॅमचे आहे.

भारतात ९ मिमीचे पिस्तूल सामान्य परवानाधारकाला वर्ज्य असल्याने चलती ‘बत्तीस बोअर’ची, म्हणजे ०.३२ इंची नळीच्या शस्त्रांची. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये याच बोअरचे ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे, ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर काढले.

सातपुड्यात, चोपडा तालुक्याला लागून असलेले मध्य प्रदेशातील उमर्टी गावठी पिस्तुलांसाठी बदनाम आहे. ही पिस्तुले दिसायला कारखान्यातल्यासारखी असली तरी त्यांच्या पोलादाची आणि नळीची दाबचाचणी झालेली नसते. नळी फुटली तर पहिला जातो तो झाडणाऱ्याचा पंजा.