पेरोव्स्काइट: उजेड पडला की दोषही बदलतात

निफाड-दिंडोरीच्या शेतांत सौरपंपांना जोडलेले आणि नाशिकच्या गच्च्यांवर दिसणारे पॅनेल मुख्यतः सिलिकॉनचे असतात. सिलिकॉन 1,400 अंश सेल्सिअसच्या वर वितळवावे लागते आणि ते अतिशुद्धही लागते. पेरोव्स्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थाचे काम त्यामानाने फारच सोपे. शिसे व आयोडीन असलेल्या क्षारांचे पिवळसर द्रावण काचेवर सोडायचे, काच गरागरा फिरवायची आणि साधारण 100 अंशांवर तापवायची. बघता बघता पिवळा थर काळपट तपकिरी होतो. जाडी जेमतेम अर्धा मायक्रोमीटर. 2009 मध्ये जपानच्या मियासाका यांच्या गटाने यापासून बनवलेला सौरघट 3.8 टक्के कार्यक्षम होता. आज प्रयोगशाळेतले घट 26 टक्क्यांच्या पुढे गेले आहेत.

इतक्या घाईत जमलेल्या स्फटिकात दोष राहणारच. कुठे आयोडीनची जागा रिकामी, कुठे जादा आयोडीन अडकलेले, शिवाय कणाकणांमधल्या सीमा. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो आणि खाली धनभारित 'होल' उरते. हे दोघे वेगवेगळ्या टोकांना पोहोचले तर वीज मिळते. वाटेत दोषात अडकून एकमेकांना भेटले तर ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

पण सगळेच दोष सारखे घातक नसतात. काही उथळ खड्ड्यासारखे: खोलीच्या तापमानाला मिळणारी उष्णताच इलेक्ट्रॉनला बाहेर काढते. काही विहिरीसारखे खोल: पडला की निघत नाही. शिसे-आयोडीनच्या बंधांची ठेवणच अशी आहे, की आयोडीनचा अणू गळाला तरी होणारा खड्डा बहुधा उथळ राहतो. एवढे दोष असूनही हा पदार्थ चालतो, तो मुख्यतः यामुळे.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. सिलिकॉनमधले बहुतेक दोष एका जागी बसून असतात. इथले हिंडतात, आणि प्रकाशाने निर्माण झालेले भार त्यांचे रूपही पालटतात. जादा आयोडाइडने (म्हणजे ऋणभारित आयोडीनने) होल पकडले की त्याचा ऋणभार जातो आणि उदासीन आयोडीन उरते. अशा दोघांची जोडी जमली की आयोडीनचा रेणू होतो. तो थरातून निसटला की मागे कायमची पोकळी. म्हणजे ज्या उजेडातून वीज मिळवायची, तोच हळूहळू पदार्थ झिजवतो. उलटही घडते: काही थरांवर प्रकाश ठेवला की ते आधीपेक्षा जास्त चमकू लागतात, कारण काही दोष भरतात किंवा मिटतात. श्रावणातल्या ढगाळ उजेडात भार थोडे असतात, म्हणून दोष त्यांतला मोठा वाटा गिळतात. एप्रिलच्या कडक उन्हात दोष भरून जातात, उरलेले भार सुखरूप पार होतात. मात्र त्याच उन्हाने पॅनेल तापते आणि आयन (भारित अणू) अधिक वेगाने सरकू लागतात.

दिवसा झालेली काही घसरण रात्रीच्या अंधारात भरून निघते, असेही प्रयोगांत दिसले आहे. म्हणून अखंड दिव्याखाली हजार तास टिकलेला घट गच्चीवर किती वर्षे टिकेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ऊन, रात्र, पावसाळा अशा फेऱ्यांतूनच तो तपासायला हवा. निफाडकडे द्राक्षबागा झोडपणारी गारपीट होते. त्यामुळे काच फुटली तर आतले शिसे पावसाबरोबर मातीत उतरणार नाही असे वेष्टणही आधी सिद्ध व्हायला हवे.