गोवा वेल्हा की वेल्हा गोवा? एकाच बेटावरच्या दोन जुन्या राजधान्या

आमच्या सांगली जिल्ह्यात नुसतं "कवठ्याला जायचंय" म्हटलं की समोरचा विचारतोच, कुठलं कवठे? तालुक्याचं कवठे महांकाळ, दसऱ्याच्या आतषबाजीचं कवठे एकंद, की मिरज तालुक्यातलं कवठे पिरान? त्यामुळे गावाच्या नावातला दुसरा शब्द गाळायचा नाही, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. तरीही गोव्यात आमची माणसं चुकतात. तिथं दोन गावांच्या नावात शब्द तेच दोन आहेत, फक्त मागंपुढं झालेत.

२०२४च्या डिसेंबरात माझा मेव्हणा घरच्यांना घेऊन पणजीला उतरला होता. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचा सोहळा चालू होता, दहा वर्षांनी एकदा येणारा. सकाळी त्यानं फोनवर नकाशा लावला, नाव टाकलं आणि तासाभरात मला फोन. "दाजी, इथं हमरस्ता हाय, घरं हायत, एक चर्च पण हाय, पण ते मोठं चर्च कुठाय? हितली माणसं म्हणत्यात, हे ते नव्हंच." त्यानं टाकलं होतं गोवा वेल्हा. जायचं होतं वेल्हा गोव्याला, म्हणजे ज्याला आपण जुने गोवे किंवा ओल्ड गोवा म्हणतो तिथं. त्याचा दिवस सावरला, पण तेव्हापासून हे नीट लिहून ठेवावं असं मनात होतं.

आधी जागा समजून घेऊ. दोन्ही गावं तिसवाडी तालुक्यातली. तिसवाडी म्हणजे मुळात बेटच: उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. जुने गोवे मांडवीच्या काठाला, पणजीच्या पूर्वेला. गोवा वेल्हा जुवारीच्या बाजूला, पणजीहून मडगावला जाणाऱ्या रस्त्यावर, आगशीच्या अलीकडे. पणजीपासून दोन्हीकडचं अंतर साधारण दहा किलोमीटरच, त्यामुळे अंतर बघूनही शंका येत नाही.

आता नाव. 'वेल्हा' हा पोर्तुगीज शब्द, अर्थ 'जुनी'. मूळ उच्चार 'वेल्या'च्या जवळ जाणारा. आपल्या तोरण्याखालच्या वेल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही. पोर्तुगीजमध्ये विशेषण सहसा नामाच्या मागून येतं आणि कधी पुढं आलं तर अर्थाचा रंग बदलतो. 'आमीगु वेल्यु' म्हणजे वयानं म्हातारा मित्र, 'वेल्यु आमीगु' म्हणजे फार वर्षांपासूनचा मित्र. पण या दोन गावांची नावं व्याकरण बघून ठरली असं मला वाटत नाही. ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या नव्या शहरांत बसलेल्या लोकांनी दिली. म्हणून प्रत्येक वेळी विचारायला हवं: जुनी, पण कशाच्या मानानं?

गोवा वेल्हा हे वयानं थोरलं. त्याची गोष्ट कमी सांगितली जाते, म्हणून मी तिथंच जास्त रेंगाळणार.

गोव्याच्या कदंब राजांची राजधानी आधी चंद्रपूर, म्हणजे आजचं चांदर, इथं होती. अकराव्या शतकाच्या मध्याला पहिल्या जयकेशीनं ती जुवारीकाठच्या गोपकपट्टणाला आणली. हे गोपकपट्टण म्हणजेच गोवापुरी, आजचा गोवा वेल्हा आणि त्याच्या आसपासचा भाग. कदंब म्हटलं की सांगलीकोल्हापूरच्या माणसाला गोव्याची सरकारी बस आठवते; त्या बसवरचं नाव याच घराण्याचं. घाटमाथ्यावरून माल उतरायचा, समुद्रातून जहाजं यायची, आणि दोन्हीची गाठ या बंदरात पडायची. जयकेशीच्या काळातल्या ताम्रपटांत एका अरबी व्यापारी घराण्याची हकिगत येते. जयकेशीचा पूर्वज गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाच्या यात्रेला निघाला असता वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली, तेव्हा मदुमद नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्यानं त्याला मदत केली. पुढं त्याच मदुमदाचा नातू छडम याच्या हाती जयकेशीनं कारभार दिला, आणि छडमानं बांधलेल्या मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर लावायला परवानगी दिली. ताम्रपटात त्या मशिदीला 'मिजिगिती' म्हटलंय. सोमनाथाला जाणारा राजा, त्याला वाचवणारा अरब व्यापारी आणि नातवाच्या मशिदीला राजाचा हुकूम, हे सगळं एकाच घराण्याच्या दप्तरात. हे वाचलं तेव्हा मला त्या गावाविषयी वेगळीच माया वाटायला लागली.

हे बंदर दोन गोष्टींनी मोडलं. चौदाव्या शतकात दिल्लीच्या फौजांच्या स्वाऱ्यांनी कदंबांची सत्ता खिळखिळी झाली. आणि जुवारीचा काठ गाळानं भरत गेला. आम्ही कृष्णाकाठची माणसं सांगलीच्या आयर्विन पुलावरचे पुराच्या पाण्याचे फुटांचे आकडे बघत मोठी झालो. आम्हाला नदीची भीती म्हणजे पाणी वर चढण्याची. तिथं उलट झालं, तळ वर आला. मोठं जहाज धक्क्याला लागेना, मग व्यापारी कशाला थांबतील? पंधराव्या शतकात, १४७२ मध्ये महमूद गवाननं बहमनी सुलतानासाठी गोवा घेतला. पुढं गोवा विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. तोवर व्यापार बेटाच्या दुसऱ्या बाजूला, मांडवीकाठच्या एळा नावाच्या बंदराकडे सरकला होता.

तेच एळा म्हणजे आजचं जुने गोवे. पोर्तुगीज सेनापती अफोंसो द आल्बुकर्कनं ते १५१० च्या सुरुवातीला घेतलं, मे महिन्यात आदिलशाही फौजेपुढं सोडलं आणि २५ नोव्हेंबर १५१० ला पुन्हा जिंकलं. पोर्तुगीज आले तेव्हा हे शहर नवं होतं, भरभराटीला आलेलं. साहजिकच जुवारीकडचं ओसाड पडलेलं शहर त्यांच्या लेखी 'गोवा वेल्हा' झालं. म्हणजे या नावातलं 'जुनं' मांडवीकाठच्या शहराच्या मानानं आहे.

पुढं सव्वाशे वर्षं मांडवीकाठच्या शहराची चढती कमान होती. १५३० मध्ये पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या साऱ्या मुलखाची राजधानी कोचीहून इथं आली. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना इथंच सुरू झाला. १५६० पासून इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपांची चौकशी करणारं न्यायासनही इथलंच. त्याच्या धाकानं किती घरं देव घेऊन अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, आणि खाली कर्नाटकाकडे गेली, हे गोयंकारांना सांगावं लागत नाही. आज दिसणारी मोठी चर्चेस त्याच काळातली. से कॅथेड्रलचं बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं, बॉम जेझूचं १५९४ मध्ये. झेवियरचा मृत्यू १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर झाला, शव १५५४ मध्ये गोव्यात आलं, आणि आज ते बॉम जेझूत आहे. मेव्हण्याला दर्शन घ्यायचं होतं ते याच शवाचं; सोहळ्यापुरतं ते से कॅथेड्रलमध्ये नेलेलं होतं.

सातारासांगलीच्या वाचकाला जवळचा धागा १६८३ चा. त्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेनं मांडवीतल्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला. हे बेट राजधानीच्या अगदी नाकासमोर. पोर्तुगीज व्हाइसरॉय इतका हादरला की त्यानं आपला अधिकारदंड झेवियरच्या शवपेटीजवळ नेऊन ठेवला. घाटावरून मोगल फौज उतरली म्हणून मराठ्यांना मागं फिरावं लागलं. पण राजधानी इथं सुरक्षित नाही हे पोर्तुगीजांना कळून चुकलं, आणि ती मुरगावला हलवायचा बेत त्यांनी केला. काम सुरूही झालं, पुढं ते बारगळलं.

शहर मारलं ते रोगराईनं. मलेरिया, पटकी, दूषित विहिरी. जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीत सांडपाणी मुरायचं आणि तेच पिण्याच्या पाण्यात उतरायचं. वरून डचांनी समुद्रावरचा व्यापार तोडलेला. माणसं मरत गेली, उरलेली निघून गेली. व्हाइसरॉय आधी जवळच पणेलीला आणि १७५९ मध्ये पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला गेला. जुन्या शहरातल्या इमारती पाडून त्यांचा दगड पणजीच्या बांधकामाला वापरला गेला. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, तिचं नाव 'नोव्हा गोवा', म्हणजे नवा गोवा. आणि मांडवीकाठचं एकेकाळचं नवं शहर त्याच्या मानानं 'वेल्हा गोवा' ठरलं. कोकणीत त्याला पोरणें गोंय म्हणतात, म्हणजेही जुनंच.

पाहायला गेलात तर फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो. जुन्या गोव्यात मोठमोठी चर्चेस, मधे हिरवळ, बसगाड्यांची रांग, आणि सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चचा उंच मनोरा. ही चर्चेस १९८६ पासून जागतिक वारशात आहेत. सेंट कायतानच्या चर्चच्या आवारात आदिलशाही वाड्याच्या दरवाज्याची कमान उभी आहे, तिच्याकडे फारसं कुणी वळत नाही. ती जरूर बघा, एळा बंदराची तेवढीच खूण डोळ्याला दिसते. गोवा वेल्ह्यात यातलं काही नाही. गाव, सेंट आंद्रेचं चर्च आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी निघणारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक. कदंबांच्या खुणा शोधाव्या लागतात: जुवारीच्या काठाला जांभ्या दगडातल्या बांधकामाचे अवशेष, आणि वरच्या टेकडीवर पिलारच्या सेमिनरीच्या संग्रहालयात ठेवलेल्या, आसपास सापडलेल्या वस्तू.

कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं दिवाडी बेटावरचं, म्हणजे जुन्या गोव्याच्या अगदी समोरचं. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. गोवा वेल्ह्याच्या राजांचा देव, जुन्या गोव्याच्या राज्यकर्त्यांमुळे हललेला आणि आपल्या राजानं पुन्हा बसवलेला. सांगलीहून निघालेल्या माणसानं नार्वे चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

वाट सांगतो. बेळगाव, अनमोडवरून फोंड्याकडनं आलात तर बाणस्तारीचा पूल ओलांडल्यावर पणजीच्या आधी जुने गोवे लागतं. तिथं सकाळ घालवा. मग पणजीला जेवून मडगावच्या रस्त्याला लागलात की बांबोळीनंतर गोवा वेल्हा येतो. पिलारची टेकडी डाव्या हाताला. नकाशात मात्र जुन्या गोव्यासाठी 'बॉम जेझू बॅसिलिका' टाका आणि दुसऱ्यासाठी 'पिलार'. आणि जुवारीच्या काठाला उतरायचं तर ओहोटीची वेळ विचारून जा, भरतीला काठावरचे दगड पाण्याखाली असतात.