थम्ब्स अप (इंग्रजी वाक्प्रचार)

थम्ब्स अप : मूठ मिटून अंगठा वर करण्याची खूण आणि तिच्यावरून इंग्रजीत रूढ झालेला वाक्प्रचार. संमती, शाबासकी किंवा ‘सगळं ठीक आहे’ हा त्याचा अर्थ. नापसंतीसाठी ‘थम्ब्स डाउन’ म्हणतात.

अंगठा एकच दाखवला तरी रूप अनेकवचनीच राहते आणि तरीही त्याआधी ‘अ’ किंवा ‘द’ लागतो. ‘शी गेव्ह मी अ थम्ब्स अप’ म्हणजे तिने हाताने खूण केली. ‘द प्लॅन गॉट द थम्ब्स अप’ म्हणजे योजनेला मंजुरी मिळाली. तिथे कुणाचा हात हललेला असेलच असे नाही. ‘टू थम्ब्स अप’ ही भरभरून दाद. जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट हे अमेरिकन चित्रपट-समीक्षक दोघांनाही चित्रपट आवडला की प्रत्येकी एक अंगठा वर करत, त्यातून ती लोकप्रिय झाली.

मराठीत खरी अडचण येते ती शब्दशः भाषांतर केल्यावर. ‘साहेबांनी प्रस्तावाला अंगठा दाखवला’ असे लिहिले, तर वाचणारा प्रस्ताव फेटाळला असेच समजेल. अंगठा दाखवणे म्हणजे ऐनवेळी ठेंगा दाखवणे. अंगठा उठवणे म्हणजे सहीऐवजी ठसा देणे. मंजुरीसाठी ‘हिरवा कंदील दाखवला’ हा आपला रुळलेला प्रयोग आहे, तोच वापरावा. खूण मात्र आपल्याकडे सर्वांना कळते. त्यात १९७७ साली आलेल्या ‘थम्स अप’ या शीतपेयाचा वाटा मोठा. मनमाडजवळच्या हडबीची शेंडी या सुळक्यालाही लोक सर्रास ‘थम्स अप’ म्हणतात.

रोमन प्रेक्षक अंगठा वर करून ग्लॅडिएटरला, म्हणजे आखाड्यात झुंजणाऱ्या योद्ध्याला, जीवदान देत, हा समज मात्र पक्का नाही. कवी ज्युवेनल फक्त ‘वळवलेला अंगठा’ म्हणतो. कुठे वळवलेला, ते सांगत नाही. खाली वळलेल्या अंगठ्यांचे चित्र जनमानसात ठसवले ते फ्रेंच चित्रकार जेरोम याच्या १८७२ च्या ‘पोलिचे वेर्सो’ने.

खुणेचा अर्थ सगळीकडे सारखा नाही. इराण, इराकमध्ये परंपरेने ती शिवीसमान मानली जाते. स्कूबा डायव्हिंगमध्ये वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’. पाण्याखाली ‘मी ठीक आहे’ सांगायला तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल करतात. नवख्याने सवयीने अंगठा दाखवला, तर जोडीदार वर जायला निघतो.

मोबाइलवरच्या अंगठ्यालाही वजन आहे. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि करार मान्य असल्याचे कळवायला सांगितले. त्याने उत्तरादाखल अंगठ्याची इमोजी पाठवली. करार मिळाला एवढेच सांगायचे होते, असे त्याचे म्हणणे. २०२३ मध्ये न्यायालयाने ती संमती धरली आणि माल न दिल्याबद्दल ८२,००० हून अधिक कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली.